ताट माझं, पंगत सगळ्यांची

पुण्यात वीगन राहणं तसं सोपं आहे. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तुम्ही काय खाता ह्याचं कुणाला काही पडलेलं नसतं, आणि सोयाचं दूध ॲपवरून दहा मिनिटांत दारात येतं. खरी परीक्षा सुरू होते ती जालन्याची गाडी पकडल्यावर. त्यातून धुळवड, आखाड नाहीतर गावची जत्रा असली तर मग बघायलाच नको!

आधी वीगन म्हणजे काय ते सांगून टाकतो, कारण आमच्या घरी हे अजूनही दर सणाला सांगावं लागतं. मांस, मासे, अंडी नाहीत. शिवाय दूध, दही, तूप नाही आणि मधही नाही. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी रूढ केला. आपल्याकडचं 'शाकाहारी' ह्याहून वेगळं. पाकिटावरचा हिरवा ठिपका दुधातुपाला चालतो, म्हणून २०२२ मध्ये सरकारला वीगन पदार्थांसाठी वेगळं चिन्ह आणावं लागलं. मोठ्या आईच्या भाषेत, "जनावराचं काहीच नाही." (त्यावर तिचा पुढचा प्रश्न ठरलेला: "मंग राहिलं काय?" :-))

आता गंमत बघा. लोकांना वाटतं की मटण खाणाऱ्या घरात मटण सोडणं सगळ्यात अवघड असेल. तसं मुळीच नाही. त्याची सोय मराठवाड्यातल्या घरांनी कधीच करून ठेवलेली आहे. त्या सोयीचं नाव माळकरी.

आमचे आजोबा माळकरी होते. बाकी सगळं घर खाणारं. धुळवडीला मटण अंगणात तीन दगडांच्या चुलीवर शिजायचं. आजोबांची भाकरी आधी घरातल्या तव्यावर व्हायची, त्यांचं ताट-तांब्या वेगळे. जेवायला मात्र ते सगळ्यांबरोबर ओसरीवर, थोडं कडेला बसायचे. पिठलं, ठेचा, भाकरी. त्यांनी कुणाला कधी "खाऊ नका" म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि त्यांनाही कुणी "एक तुकडा घ्या हो, काय होतंय" म्हटलं नाही. हे काही आमच्याच घरचं विशेष नाही. वारकरी परंपरेमुळे गावोगावी अशी घरं आहेत. एका घरात दोन चुली, आणि भांडण शून्य. आमच्या धंद्याच्या भाषेत बोलायचं तर जुनी सिस्टम न मोडता नवीन युजर कसा सामावून घ्यायचा, हे ह्या घरांनी आपल्या आधी सोडवलेलं आहे.

मग माझ्या वेळी एवढी चर्चा का होते? मला तीन कारणं दिसतात.

एक, माळेमागे देव आहे. पांडुरंगाच्या नावाने सोडलं की कुणी पुरावा मागत नाही. जनावरांसाठी सोडलं म्हटलं की प्रत्येकाला वाद घालावासा वाटतो. "झाडाला जीव नसतो का?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता ऐकला नाही तर सण झाल्यासारखा वाटत नाही.

दोन, दूध-तूप. मटण हा सणाचा पदार्थ, पण तूप ही माया आहे. पुरणपोळीवर तूप नको म्हटलं की मोठ्या आईला वाटतं, पोरगं तिलाच नको म्हणतंय. ईदला मित्राच्या घरीही तेच. बिर्याणी नको म्हटल्यावर कुणी काही बोलत नाही. शीरखुर्म्याची वाटी परत करताना मात्र मित्राच्या अम्मीचा चेहरा बघवत नाही.

तिसरं कारण सगळ्यात नाजूक, आणि त्याबद्दल आपण उघड बोलत नाही. आपल्या समाजात 'न खाणं' कधीच नुसतं न खाणं नसतं. त्याला जातीचा वास येतो. "काय रे, भटजी झाला का?" हा प्रश्न थट्टेचा असतो, पण त्याच्या तळाशी पिढ्यांचा अनुभव असतो. काय खाता ह्यावरून पंगती वेगळ्या झाल्या, आजही शहरांत घरं भाड्याने मिळत नाहीत. २०१४ च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात साधारण ४० टक्के प्रौढ शाकाहारी आहेत, म्हणजे खाणारेच जास्त. तरी 'शुद्ध' हा शब्द न खाणाऱ्यांच्या हॉटेलांवर लागतो. २०२५ च्या १५ ऑगस्टला कल्याण-डोंबिवलीसह काही महापालिकांनी मटणाची दुकानं बंद ठेवायचे आदेश काढले, तेव्हा लोक चिडले ते एका दिवसाच्या मटणासाठी नाही. आमच्या ताटात काय असावं हे तुम्ही कोण ठरवणार, हा खरा प्रश्न होता. आणि तो बरोबरच होता.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की वीगन माणसाने सणाच्या पंगतीत आपलं ताट सांभाळावं, दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये. जत्रेत नवसाची कंदुरी आहे, वर्षभर शहरात राबणारे भाऊ आलेत, म्हातारी माणसं बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवतायत. अशा वेळी बोकडाच्या वेदनांवर भाषण दिलं तर एकही माणूस मटण सोडणार नाही. उलट 'हा आपल्याला कमी लेखतोय' एवढंच त्याच्या लक्षात राहील.

ह्यावर माझे शहरातले वीगन मित्र म्हणतात, "हा पळपुटेपणा आहे. चूक दिसते तर बोलायला नको?" बोलायला हवंच. पण पंगतीत नाही. कुणी विचारलं तर मी सगळं सांगतो, आडपडदा ठेवत नाही. रात्री गच्चीवर चुलतभावाने विचारलं की तासभर बोलणं होतं, आणि तो नीट ऐकतो. शिवाय आकड्यांचा विचार केला तर वर्षातून दोनदा होणाऱ्या बोकडापेक्षा दर रविवारच्या ब्रॉयलरचा प्रश्न कितीतरी मोठा आहे.

दुधाबद्दल तर जास्तच जपून बोलावं लागतं. कापूस-सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो, तोही पावसाने दिला तर. डेअरीचा पैसा दर दहा दिवसांनी येतो आणि त्यावर किराणा, शाळेची फी चालते. नर रेडकाचं पुढे काय होतं हे गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि मी दूध सोडलं त्याचं ते एक कारण आहे. पण ज्या बाईचं घर दोन म्हशींवर चालतं, तिला आयटीतल्या पगारावर जगणाऱ्या माणसाने धडे द्यावेत हे मला पटत नाही.

आता थोडं कामाचं. मटणाची चव मटणापेक्षा वाटणात जास्त असते. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, आलं-लसूण, काळा मसाला. वाटण होताच त्यातलं थोडं बाजूला काढून दुसऱ्या पातेल्यात परता, त्यात सोयाबीनच्या वड्या नाहीतर बटाटे-वांगी घाला, वरून तेवढीच तर्री. त्याच चवीचा रस्सा मिळतो आणि स्वयंपाकघरावर वेगळा भार पडत नाही. (आपणच सोयाबीन पिकवून आडतीवर घालतो आणि त्याच्याच वड्या पाकिटातून विकत आणतो, पण तो वेगळा विषय.) बाकी कटाची आमटी, येसरची आमटी, शेंगोळे, ज्वारीची भाकरी, जवसाची आणि कारळाची चटणी हे सगळं तुपाचा हात आवरला की आपोआप वीगनच आहे. कांदा-वाटण मात्र स्वतः करायला बसा. काम करणाऱ्या हाताला घरात कुणी नावं ठेवत नाही.

आणि घरचे "अंगात ताकद राहील का" म्हणाले तर लगेच चिडू नका. त्यांची काळजी अगदीच चुकीची नाही. ब१२ जीवनसत्त्व वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही, त्याची गोळी घ्यावीच लागते. मी घेतो, आणि तसं त्यांना सांगतो.

घरच्यांकडूनही एक मागणं आहे. "तुकडा नको, नुसता रस्सा घे" हे बंद करा. आजोबांना तुम्ही कधी असं म्हणाला नाहीत. त्यांच्या गळ्यात माळ होती आणि माझ्या गळ्यात काही नाही, एवढाच तर फरक आहे.

असो. धुळवडीचं तिकीट काढायचंय, मराठवाड्याच्या गाड्या लवकर भरतात.