मुसाफिर आणि मुलगी

रमजानचा चाँद पाहायला आम्ही रिठदकर गच्चीवर चढतो. 2023 च्या रमजानमध्ये सुलतान अल नेयादी मात्र 400 किलोमीटर उंचीवर, अंतराळ स्थानकात होते. रोज्याविषयी विचारल्यावर त्यांनी सांगितले, आपण मुसाफिर आहोत आणि मुसाफिराला सवलत आहे.

त्यांचा देश संयुक्त अरब अमिरात, 1971 साली स्थापन झालेला. माणूस नेणारे स्वतःचे यान नाही. मग जमले कसे? आधी इंजिनिअर दक्षिण कोरियात उपग्रह बनवायला शिकले. 2018 चा ‘खलिफासॅट’ त्यांनी घरीच बनवला. त्याच वर्षी 4,022 अर्जांतून दोघे निवडले. 2019 मध्ये हज्जा अल मन्सूरी रशियन सोयुझमधून आठ दिवस जाऊन आले. नेयादी अमेरिकन यानातून गेले, सहा महिने राहिले.

2021 मध्ये नोरा अल मत्रूशी ही मेकॅनिकल इंजिनिअर निवडली गेली. 2024 मध्ये तिने नासाचे प्रशिक्षण पूर्ण केले. असे करणारी ती पहिली अरब महिला.

आमच्याकडे दहावीनंतर ऐकू येते, “पोरीला सायन्स कशाला? वाशीमला रोज कोण नेणार?” इल्म मिळवण्यासाठी निघालेली मुलगीही मुसाफिरच आहे. यंदा फॉर्म भरण्याआधी तिला एकदा विचारा तरी, तुला काय शिकायचे आहे?