नोटीस हातात पडली, आता वकील कोण देणार?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा संसदेने २००५ साली केला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो देशात लागू झाला. मारहाण, शिवीगाळ, हुंड्यासाठी छळ, पैशांची कोंडी, राहत्या घरातून हुसकावणे हे सारे त्याने हिंसाचारात मोजले आणि पोलिसांत गुन्हा न नोंदवताही बाईला मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहण्याचा मार्ग दिला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्य सरकारांना पुन्हा बजावावे लागले, की संरक्षण अधिकारी नेमा आणि पीडित महिलांना मोफत विधी सेवेचा हक्क आहे हे लोकांपर्यंत पोचवा. कायदा होऊन वीस वर्षे झाली तरी हे सांगावे लागते, यावरून सरकारची आस्था किती ते कळते.

हे झाले अर्जदार बाईचे. पण या प्रकरणात दुसरीही बाजू असते आणि तिच्याविषयी आपल्या वस्त्यांमध्ये घोर अज्ञान आहे. ज्याच्या नावाने नोटीस निघते त्याने काय करायचे? कायद्याच्या भाषेत तो ‘सामनेवाला’. तो बिगारी काम करणारा असतो, रिक्षा चालवतो, कंत्राटी सफाई कामगार असतो. नोटीस वाचून त्याला काही उमगत नाही. मग तो तीनपैकी एक गोष्ट करतो. कागद घ्यायलाच नकार देतो, किंवा घेऊन पेटीत टाकतो, किंवा गल्लीतल्या पुढाऱ्याकडे जाऊन ‘समाजाची बैठक’ बोलावतो. तिन्ही रस्ते त्याला खड्ड्यात घेऊन जातात.

या कायद्याचा वेग आधी समजून घेतला पाहिजे. कलम १२ खाली अर्ज आला की पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत द्यायची आणि प्रकरण साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात वर्षे जातात हे कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण अंतरिम आदेशाला वर्षे लागतातच असे नाही. कलम २३ खाली मॅजिस्ट्रेट बाईच्या शपथपत्रावर एकतर्फी आदेशही देऊ शकतात. जिच्या जिवाला धोका आहे तिला लगेच संरक्षण मिळालेच पाहिजे, म्हणून ही तरतूद योग्यच आहे. नोटीस नाकारली म्हणून कोर्ट थांबत नाही. सामनेवाला हजर राहिला नाही तर त्याच्या पगाराचा, घराचा, मुलांच्या ताब्याचा निर्णय त्याचे म्हणणे न ऐकता होतो.

म्हणून नोटीस नीट वाचून घ्या. कलम १२ ची नोटीस म्हणजे अटक नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खालचा, म्हणजे पूर्वीच्या ४९८-अ चा गुन्हा वेगळा आणि हे प्रकरण वेगळे. पण संरक्षण आदेश झाल्यावर तो मोडला, तर मात्र तो गुन्हा आहे. कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. संपर्क करू नये असा आदेश असेल तर फोन, मोबाईलवरचा संदेश, चिठ्ठी सगळे बंद. आणि पुष्कळांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे बायकोने स्वतः फोन करून बोलावले तरी आदेश आपोआप रद्द होत नाही. परिस्थिती बदलली असेल तर कलम २५ खाली अर्ज करून तो कोर्टाकडूनच बदलून किंवा रद्द करून घ्यावा लागतो. आदेशच मान्य नसेल तर कलम २९ प्रमाणे तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. आदेशाची प्रत पक्षकारांना विनामूल्य द्यावी, असे कलम २४ सांगते. ती मागून घ्या आणि तीस दिवस मोजायला लागा.

हे सारे अंगठेबहाद्दर माणसाला कोण सांगणार? त्यासाठी वकील लागतो आणि वकिलाला फी लागते. इथेच आपले लोक हात टेकतात किंवा सावकाराकडे जातात. काही गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ या कायद्यातही एक कलम १२ आहे. मोफत वकील कोणाला मिळेल याची यादी त्यात आहे आणि त्या यादीत अनुसूचित जाती-जमातींची प्रत्येक व्यक्ती, प्रत्येक स्त्री, अपंग, कोठडीतला माणूस, औद्योगिक कामगार यांची नावे उत्पन्नाची अट न लावता आलेली आहेत. त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये, दावा करण्यासाठी किंवा बचाव करण्यासाठी सकृद्दर्शनी कारण असले की ही मदत मिळेल, असे म्हटले आहे. बचाव हा शब्द तिथे स्पष्ट आहे. घटनेच्या ३९-अ अनुच्छेदाने दिलेले समान न्यायाचे वचन या कायद्याने अमलात आणले.

बौद्ध बांधवांनी इथे विशेष लक्ष द्यावे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांचा समावेश धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षांनी, १९९० च्या दुरुस्तीने झाला. ते प्रमाणपत्र आपण नोकरीसाठी आणि शाळेच्या दाखल्यासाठी जपून ठेवतो. कोर्टाच्या दारातही ते चालते हे किती जणांना ठाऊक आहे? नोटीस, जातीचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्राची प्रत घेऊन तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे किंवा जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. नेमून दिलेल्या वकिलाने तुमच्याकडून एक रुपयाही मागायचा नसतो. तो तारखेला येत नसेल, पैसे मागत असेल तर त्याच कार्यालयात लेखी तक्रार करा आणि वकील बदलून मागा. पॅनेलवरचे काही वकील जीव ओतून काम करतात, काही नुसती पुढची तारीख घेतात. हक्क मागणाऱ्याने जागे राहिले नाही तर मोफत मिळालेला वकील महागात पडतो.

आणि सामनेवाला हा पुरुषच असतो असे नाही. २०१६ साली हिरल हरसोरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्याख्येतला ‘प्रौढ पुरुष’ हा मर्यादा घालणारा शब्दप्रयोग रद्द केला. सासू, नणंद, जाऊ यांच्यावरही नोटिसा निघतात. त्यांनाही स्त्री म्हणून मोफत वकिलाचा हक्क आहे.

आता आपल्याच कार्यकर्त्या भगिनी विचारतील, वकीलसाहेब, मारणाऱ्याला वकील कशाला मिळवून देता? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की दोन्ही बाजू ऐकून झालेला आदेश अपिलात सहजासहजी पडत नाही. ‘मला ऐकलेच नाही’ ही तक्रार सामनेवाल्याला उरत नाही. दुसरे, सामनेवाल्याच्या वकिलाचे पहिले काम अशिलाला हे सांगणे आहे, की आदेश पाळ, तिच्या माहेरी जाऊन धिंगाणा घालू नकोस, साक्षीदारांना दम देऊ नकोस, पोटगी वेळेवर भर. हे त्याला कोणी सांगितलेच नाही, तर त्याचा राग बाईवरच निघतो. तिसरे, पोटगीच्या प्रकरणात २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाप्रमाणे दोघांनीही आपले उत्पन्न आणि मालमत्ता शपथपत्रावर उघड करायची आहे. ते खरे भरले तर बाईला भरता येईल एवढी आणि मिळेल एवढी रक्कम ठरते. नाहीतर कागदावर मोठा आकडा आणि हातात काही नाही. अर्थात दोघांचा वकील एक असता कामा नये. एकाच कार्यालयातून मदत मिळाली तरी वकील दोन वेगळे, ही दक्षता बाईनेही घ्यावी.

पण या हक्काच्या आड लपून कोणी बाईला रडवू पाहत असेल, तर चळवळीने त्याच्या बाजूने उभे राहू नये. तो आपला कार्यकर्ता आहे, मोर्चात पुढे असतो, म्हणून चार माणसे पोलीस ठाण्यात जाऊन सुनेला ‘घरची अब्रू’ शिकवतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. बैठकीत बाईच्या अंगठ्यावर शाई लावून स्टॅम्प पेपरवर फारकत लिहून घेतली जाते. तो कागद कोर्टात सहसा टिकत नाही. बौद्धांच्या विवाहालाही १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू होतो, घटस्फोट कोर्टातूनच घ्यावा लागतो. बैठकीतल्या फारकतीने बाईची पोटगी बुडते आणि पुरुषाचा दुसरा विवाह गुन्हा ठरतो. बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत पत्नीने पतीची दासी न होता मैत्रीण व्हावे असे सांगितले आणि हिंदू कोड बिल रखडले तेव्हा १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्यांचे नाव घेणाऱ्यांना जातपंचायतीचा नवा अवतार काढण्याचा अधिकार नाही.

करण्यासारखे काम साधे आहे. प्रत्येक विहारात फलकावर १५१०० हा क्रमांक आणि तालुका विधी सेवा समितीचा पत्ता लिहा. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर वकिलाला बसवा आणि नोटिसा वाचून दाखवा. बाई आली तर तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे न्या. पुरुष आला तर त्याला विधी सेवा समितीकडे पाठवा आणि तारखेला हजर राहायला सांगा. दोघांचा निवाडा आपण करू नका. तो करण्यासाठी न्यायालय आहे आणि तिथे दोघांनाही बोलता यावे ही घटनेची व्यवस्था आहे. जय भीम!