आकाशातील नोंद तलाठ्याला खोडता येत नाही!

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून 'निसार' उपग्रह अवकाशात गेला. अमेरिकेची नासा व भारताची इस्रो यांनी तो मिळून बांधला. ढग असोत वा रात्र, त्याचे रडार दर १२ दिवसांनी तीच जमीन पुन्हा पाहते. ही माहिती सर्वांना विनामूल्य खुली ठेवण्याचे दोन्ही देशांचे धोरण आहे. मथळे देशाच्या गौरवाचे झाले. आमचा प्रश्न वेगळा आहे : यात भूमिहीनाचा वाटा किती?

१९८६ साली संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने दूरसंवेदनाची तत्त्वे स्वीकारली. ज्या देशाची भूमी टिपली, त्याला ती माहिती भेदभावाविना व वाजवी किमतीत मिळावी, असे त्यांत म्हटले आहे. देशादेशांत भेदभाव नको, तर मंत्रालय आणि गावकुसाबाहेरची वस्ती यांच्यात तो का असावा?

गायरानाचेच पाहा. १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसणाऱ्या मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. पण 'तेव्हा कसत होतात याला पुरावा काय?' या प्रश्नावर आमची माणसे अडतात. अतिक्रमणाची १-ई नोंदवही तलाठ्याच्या हाती. त्याने नोंद केली नाही, तर दाद कुठे मागायची?

दाद आकाशात आहे. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा साठा १९७२ पासूनचा असून २००८ पासून तो जगाला फुकट खुला आहे. १९८४ च्या लँडसॅट-५ च्या चित्रातील एक ठिपका ३० मीटर लांबी-रुंदीचा. दोन एकरांत असे सुमारे नऊ. रान पडीक होते की पिकाखाली, याचा अंदाज त्यातून येऊ शकतो. ही नोंद कोणत्याही तलाठ्याला खोडता येत नाही.

मात्र भ्रमात राहू नये. उपग्रहाला पीक दिसते, कसणारा दिसत नाही. म्हणूनच वनहक्क नियमांत २०१२ साली स्पष्ट केले गेले, की उपग्रह चित्र हा पूरक पुरावा आहे, इतर पुराव्यांचा पर्याय नव्हे. चित्र दिसत नाही म्हणून दावा फेटाळणे चूक, तसे केवळ चित्रावर विसंबणेही चूक. दंडाच्या पावत्या, म्हाताऱ्यांचे जबाब आणि पंचनामा यांच्या जोडीला चित्र लावा. त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र विसरू नका.

१९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन तुरुंगात गेले, ते याच जमिनीसाठी. आज आमच्या शिकलेल्या मुलांनी तालुक्या-तालुक्यात संगणकासमोर बसून आपल्या गायरानाची जुनी चित्रे काढावीत. शासनानेही ती ग्रामसभेला मोफत द्यावीत. अतिक्रमण शोधायला उपग्रह चालतो, तर हक्क सिद्ध करायलाही तो चाललाच पाहिजे.

जयभीम!