शाळेच्या नावे मृत्युपत्र : भंडाऱ्यातली धानाची जमीन शाळेला देता येते का?

दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, दिवाळीच्या सुट्टीत गेट-टुगेदर आणि जेवणं आटोपली की हमखास निघणारा विषय : 'शाळेसाठी काहीतरी करू या.' मग वर्गणी निघते. त्यातून वॉटर कूलर येतो, भिंतींना रंग लागतो आणि पुढच्या मेळाव्यापर्यंत विषय थांबतो.

मदतीची दुसरीही एक पद्धत आहे, तिला नियोजित दान म्हणतात. म्हणजे मृत्युपत्रात शाळेसाठी काही ठेवणं, हयातीतच बक्षीसपत्र करणं किंवा मुद्दलाला हात न लावता फक्त व्याज वापरायचं अशा अटीवर कायम निधी देणं. यात रक्कम मोठी असते आणि चुकाही मोठ्या होतात.

कोणत्या शाळा?

विदर्भात कुठल्याही इंग्रजी शाळेला 'कॉन्व्हेंट' म्हणतात. इथे विषय आहे तो कॅथलिक चर्चने किंवा त्याच्या धर्मसंघांनी चालवलेल्या शाळांचा. भंडारा जिल्हा नागपूरच्या कॅथलिक धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला आणि १९५३ मध्ये महाधर्मप्रांत बनला. नागपुरातली सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा तर त्याहूनही जुनी, १८७० ची. अशा शाळांमधून शिकलेले बहुतेक विद्यार्थी ख्रिस्ती नाहीत. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

शाळांना पैशांची गरज का पडते?

शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांना २५ टक्के जागा गरीब मुलांसाठी ठेवाव्या लागतात आणि त्या मुलांच्या शुल्काची भरपाई सरकार करतं. पण ६ मे २०१४ च्या 'प्रमती' निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू होत नाही असं सांगितलं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निकालावर शंका घेतली आणि प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवलं.

याचा अर्थ असा की, विनाअनुदानित मिशन शाळेत एखाद्या शेतमजुराच्या मुलीला फी माफ करायची असेल, तर तो पैसा संस्थेला उभा करावा लागतो. समजा कोणी १० लाख रुपयांचा कायम निधी दिला आणि त्यावर ७ टक्के व्याज मिळालं. वर्षाला ७० हजार रुपये होतात. काही मुलींची फी त्यातून दरवर्षी भरता येईल. रंगकाम मात्र चार पावसाळ्यांत उडून जातं.

ख्रिस्ती माणसाला असं मृत्युपत्र करता येत नव्हतं?

येत होतं, पण अटी कडक होत्या. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ११८ नुसार, पुतण्या-भाचा, पुतणी-भाची किंवा त्याहून जवळचा नातेवाईक हयात असेल, तर धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठीचं मृत्युपत्र मृत्यूच्या किमान १२ महिने आधी केलेलं असणं बंधनकारक होतं. शिवाय केल्यापासून ६ महिन्यांच्या आत ते सरकारी ताब्यात जमा करावं लागे. मरणाच्या दारात असलेल्या माणसाकडून कोणी मालमत्ता लिहून घेऊ नये, हा जुना इंग्रजी विचार त्यामागे होता. हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख आणि जैनांना ही अट नव्हती. पारशांना १९९१ मध्ये त्यातून वगळलं गेलं. भार राहिला तो मुख्यतः ख्रिस्ती समाजावर.

केरळचे फादर जॉन वल्लमट्टम यांनी याला आव्हान दिलं. २१ जुलै २००३ रोजी सरन्यायाधीश व्ही. एन. खरे यांच्या खंडपीठाने हे कलम घटनेच्या अनुच्छेद १४ चा, म्हणजे समानतेचा भंग करतं म्हणून रद्द केलं. समान नागरी कायद्यावरच्या टिप्पणीमुळे हा निकाल गाजला, पण त्याचा थेट परिणाम वेगळा होता : ख्रिस्ती माजी विद्यार्थ्यालाही इतरांसारखंच शाळेच्या नावे मृत्युपत्र करता येऊ लागलं.

मग भंडाऱ्यात अडचण कुठे येते?

सातबाऱ्यावर. भंडाऱ्यातल्या अनेक कुटुंबांची खरी मालमत्ता म्हणजे धानाच्या बांध्या. पण विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कुळकायदा आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन बिगर-शेतकऱ्याला विकण्यावर किंवा बक्षीस देण्यावर त्यात निर्बंध आहेत. शाळा चालवणारा ट्रस्ट सहसा शेतकरी ठरत नाही.

'मग मृत्युपत्राने देऊ' असं अनेकांना वाटतं. गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये ही वाटही अडवली. १९४८ च्या मुंबई कुळकायद्याखाली जे विकता किंवा बक्षीस देता येत नाही, ते मृत्युपत्रानेही बिगर-शेतकऱ्याला देता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. विदर्भाचा कायदा वेगळा असला तरी वारसांनी वाद घातला तर हा निकाल पुढे केला जाणारच.

त्यामुळे 'माझी दोन एकर शाळेला' अशी एक ओळ लिहून ठेवणं म्हणजे शाळेला कोर्टाची पायरी भेट देणं. त्यापेक्षा हयातीत जमीन शेतकऱ्यालाच विकून ती रक्कम देणं, किंवा घर, बिगरशेती प्लॉट, ठेवी यांतला काही हिस्सा ठेवणं सोपं पडतं.

मृत्युपत्रात काय लिहायचं?

- फक्त शाळेचं नाव पुरत नाही. मालमत्ता ट्रस्टच्या, संस्थेच्या किंवा धर्मप्रांताच्या नावावर असते. नोंदणीतलं पूर्ण नाव आणि क्रमांक लिहा.
- दोन साक्षीदार हवेत. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद टाळायला उपयोगी पडते.
- हिंदू व्यक्तीला स्वकष्टार्जित मालमत्ता आणि एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्सा देता येतो. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशपर्यंतच देता येतं.
- मृत्युपत्र मरेपर्यंत बदलता येतं. बक्षीसपत्र सहसा मागे घेता येत नाही.
- बँकेत शाळेला नॉमिनी केलं म्हणजे काम झालं असं नाही. नॉमिनी साधारणपणे मालक नसतो, तो वारसांसाठी रक्कम सांभाळतो.
- पैसा कशासाठी वापरायचा आणि मुद्दल राखायचं की नाही, हे स्पष्ट लिहा.

परदेशातल्या वर्गमित्रांचं काय?

दुबईतल्या किंवा अमेरिकेतल्या मित्राकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवले, तर ती परदेशी देणगी मानली जात नाही. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड असूनही ती परदेशी देणगीच ठरते. मग संस्थेकडे एफसीआरए परवानगी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. बॅचच्या खजिनदाराने सगळ्यांचे पैसे आपल्या खात्यात गोळा करून पुढे पाठवणं धोक्याचं आहे.

करसवलतीबाबतही गैरसमज आहेत. ८० जी नावाने ओळखली जाणारी सवलत हयातीत दिलेल्या दानावर आणि जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दान त्यात धरलं जात नाही.

दिलेला पैसा सुरक्षित राहतो का?

नोंदणीकृत ट्रस्टचे हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कक्षेत येतात. ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ खाली त्यांची पूर्वपरवानगी लागते. पण गेल्या वर्षीच्या व्याजातून किती मुलांची फी भरली, हे कायदा आपणहून कोणाला सांगत नाही. ते माजी विद्यार्थ्यांनाच विचारावं लागतं. आणि शाळेने ते मेळाव्यात आकड्यांसह सांगितलं, तर पुढचं मृत्युपत्र लिहिणाऱ्याचा हात कमी अडखळेल.