स्वस्ताई कोणाच्या जिवावर?



नाताळची खरेदी आणि कापसाची वेचणी घाटंजीकडे एकाच हंगामात येतात. बाजारात स्वस्त कपडे येतात, शिवारात बाया किलोच्या दराने कापूस वेचतात. या दोन गोष्टी एकत्र पाहायला हव्यात, असे मला वाटते.

कापूस जिनिंगमधून सूतगिरणीत जातो. तमिळनाडूतल्या अनेक गिरण्यांनी ‘सुमंगली’ नावाची पद्धत चालवली. गरीब मुलींना साधारण तीन वर्षे वसतिगृहात ठेवायचे, मजुरीतला काही भाग अडवायचा आणि मुदत संपल्यावर लग्नासाठी एकरकमी द्यायचा. मध्येच काम सोडणाऱ्या कित्येकींना तो मिळालाच नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१चा. मुलगी मात्र हुंड्यासाठीच राबत होती!

कपडे शिवणाऱ्यांची गत वेगळी नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळली. अकराशेहून अधिक कामगार मेले, त्यांत बहुसंख्य बाया. भिंतींना तडे आदल्याच दिवशी दिसले होते, तरी त्यांना कामावर यायला भाग पाडले गेले.

बायबलमध्ये मजुरी हा गौण विषय नाही. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात गरिबाची मजुरी सूर्यास्तापूर्वी चुकती करण्याची आज्ञा आहे. याकोबाचे पत्र कापणीवाल्यांची मजुरी अडवणाऱ्या धनिकांना खडसावते. पण अडवलेल्या मजुरीतून आलेला माल विकत घेणाऱ्याचे काय? हा प्रश्न इंग्लंडमध्ये बायांनी स्वयंपाकघरातून लावून धरला. १७९१पासून अनेक कुटुंबांनी गुलामांच्या श्रमाची साखर सोडली. पुढे एलिझाबेथ हेरिक या क्वेकर ख्रिस्ती बाईने लेस्टरमध्ये घरोघर जाऊन तोच आग्रह धरला. १८२४च्या पुस्तिकेत तिने गुलामगिरी ताबडतोब बंद करा, अशी मागणी केली.

मग आपणही स्वस्त कपडा सोडायचा का? कापूस वेचणारी बाई स्वतः तोच कपडा घेते, कारण तिच्या मजुरीत दुसरा बसत नाही. तिच्या माथी पाप मारणे हा अन्यायच होईल. शिवाय खरेदी थांबली तर आधी शिवणारणीचे काम जाते. राणा प्लाझानंतर मे २०१३मध्ये कंपन्यांना कामगार संघटनांशी इमारत-सुरक्षेचा बंधनकारक करार करावा लागला. तो झाला संघटनेमुळे आणि जगभरातल्या ग्राहकांनी जाब विचारल्यामुळे.

म्हणून जबाबदारी निवडीच्या ताकदीप्रमाणे वाटली पाहिजे. मिशनच्या शाळा, दवाखाने आणि मंडळ्या गणवेश नि चादरी घाऊक घेतात. सर्वांत कमी दराची निविदा उघडताना शिवणारणीला काय मिळाले, हे त्यांनी लेखी विचारावे. ज्या ख्रिस्ती कुटुंबाकडे शेत आहे, त्याने वेचणारीसमोर कापूस तोलावा आणि त्याच दिवशी पैसे द्यावेत. दानपेटीत टाकलेले पैसे त्या मजुरीची भरपाई करत नाहीत. दान ही देणाऱ्याची मर्जी असते. मजुरी हा बाईचा हक्क आहे.