नोन इश्यू, वोंट फिक्स

परवा मावशीच्या पेट स्कॅनला मीच सोबत गेलो होतो. सहा केमो झाल्यावर नसा कुठल्या सापडायला! तिसऱ्यांदा टोचल्यावर एकदाची नस मिळाली, किरणोत्सारी औषध गेलं, आणि बघता बघता कोपरापाशी सुपारीएवढं टेंगूळ. "थोडं बाहेर गेलं, होतं असं," म्हणून टेक्निशियन पुढच्या पेशंटकडे. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. टेंगळाबद्दल त्यात अवाक्षर नाही. गाठीची सक्रियता घटली आहे म्हणे. घरी पेढे आले.

मला तो पेढा काही गिळेना.

कारण सक्रियता मोजतात ती एसयूव्ही नावाच्या आकड्याने. साध्या भाषेत, गाठीत साचलेलं औषध भागिले टोचलेला डोस, वजनाच्या हिशेबाने. आता डोसपैकी पाव हिस्सा हातातच अडकून बसला तर? छेदात मात्र पूर्ण डोस. म्हणजे केमोने काहीही न करता आकडा साधारण पाव हिश्शाने खाली! मावशीच्या बाबतीत किती अडकलं? कोणी मोजलंच नाही. आणि याच आकड्यावर पुढची केमो ठरणार.

बरं, मोजणं अवघड आहे का? स्कॅनरखाली हाताचा एक जास्तीचा फोटो, बस. पण स्कॅनच्या वेळी हात डोक्यावर घ्यायला लावतात आणि टोचलेली जागा बहुतेकदा चौकटीबाहेर राहते. लॉगिंग बंद करून 'एरर नाही' म्हणण्यातला प्रकार.

हा कारभार फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने १९८० साली ठरवलं की अशी गळती टाळणं जवळजवळ अशक्य, सबब ती कळवायची गरज नाही. टाळता येत नाही म्हणून मोजायचीही नाही? च्यायला, असं कारण मी स्टँडअपमध्ये दिलं तर मॅनेजर उभा सोलेल. २०२० मध्ये गळती मोजायचं उपकरण बनवणाऱ्या एका कंपनीने याविरुद्ध अर्ज केला (त्यांचा धंदा त्यात आहे, मान्य. म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही). मागणी होती की त्या जागी ०.५ सिव्हर्टहून जास्त डोस बसला तर कळवा. २०२२ च्या अखेरीस आयोगाने सवलत काढायचं ठरवलं, पण मेख मारून: किरणांच्या इजेचा संशय येऊन उपचार लागले, तरच कळवा. आता ही इजा उमटायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर पेशंट त्वचारोगतज्ज्ञाकडे मलम मागत असतो. त्याला कोण सांगणार की तिथे कधीकाळी सुई होती?

स्कॅनच्या औषधाने कातडी सहसा भाजत नाही, हेही खरं. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. पण उपचाराचं ल्युटेशियम-१७७ निम्मं व्हायला साडेसहा दिवसांवर घेतं, आणि एका वेळचा नेहमीचा डोस ७.४ गिगाबेकरेल. ते गळलं तर तिथल्या तिथे थांबवायला हवं, हात उंच धरून शेकायला हवा, किती उरलं ते मोजून फाइलीत लिहायला हवं. "होतं असं" तिथे चालत नाही.

पुढचं स्कॅन तीन महिन्यांनी. हाताचा फोटो काढा आणि रिपोर्टात लिहा, असं आधीच सांगणार आहे. मावशी म्हणते, तू नको येऊस, भांडशील.