आधी विचारा, मग लिलाव करा

“कोळसा जिथे आहे तिथेच निघणार.” चंद्रपूर जिल्ह्यात खाणीविरुद्ध बोलायला उभे राहिले की हे वाक्य समोरून येतेच. अधिकारी ते समजुतीच्या सुरात सांगतात, कंत्राटदार दमात घेऊन सांगतो आणि नोकरीची वाट पाहून थकलेला तरुण वैतागून सांगतो. कारखाना दुसरीकडे नेता येतो, रस्त्याला वळण देता येते, पण जमिनीखालचा थर हलवता येत नाही. मग विरोधाला अर्थ काय उरतो?

या वाक्यातले सत्य मला मान्य आहे. त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मान्य नाही. का, ते सांगण्यासाठी चिमूर तालुक्यातल्या बंदर गावाचे उदाहरण घेतो, कारण दोन्ही बाजूंचे सगळे मुद्दे तिथे एकत्र भेटतात. १८ जून २०२० रोजी केंद्र सरकारने व्यावसायिक खाणकामासाठी ४१ कोळसापट्ट्यांचा लिलाव पुकारला. कोरोनाची टाळेबंदी तेव्हा पुरती उठलीही नव्हती. त्या यादीत बंदर होते. ताडोबाचे वाघ उमरेड-कऱ्हांडला आणि बोरच्या दिशेने ज्या जंगलातून ये-जा करतात, तिथेच ही खाण येणार होती. जिल्ह्यात विरोध उसळला. राज्याचे तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्राला पत्र लिहिले आणि केंद्रीय पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी बंदरचा लिलाव होणार नसल्याचे जाहीर केले. नाव यादीतून गेले. पण यादीतून गेलेले नाव पुन्हा यादीत घालायला कायद्याची आडकाठी नाही. म्हणून विरोधकांवर तेव्हा घेतले गेलेले आणि आजही घेतले जाणारे आक्षेप एकेक करून तपासले पाहिजेत.

पहिला आक्षेप विजेचा. “घरातला पंखा कोळशावर फिरतो आणि विरोधही कोळशालाच?” देशाची सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशापासून येते, हे खरे आहे. उद्या सकाळी सगळ्या खाणी बंद करा, असे कोणी शहाणा माणूस म्हणत नाही. पण २०२४-२५ मध्ये देशाचे कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या वर गेले. या डोंगरापुढे बंदरचा वाटा केवढा? एक पट्टा वगळल्याने देश अंधारात जातो, हे म्हणणे हिशेबात बसत नाही. चंद्रपूरकराला तर हा टोमणा मारण्याचा अधिकार कोणालाच नाही. महानिर्मितीचे सर्वांत मोठे औष्णिक वीजकेंद्र, २९२० मेगावॉटचे, याच शहराला लागून धुराडी उभारून आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचे मूल्यमापन केले, तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि अतिप्रदूषितांच्या यादीत ते देशात चौथे आले. राज्याचे दिवे लावण्यासाठी ज्या जिल्ह्याने इतकी राख आणि काळी धूळ छातीत भरून घेतली, त्याला देशहिताचे धडे देऊ नयेत.

याच आक्षेपाचे उत्तर देणारा अनुभवही जिल्ह्याच्या गाठीशी आहे. तिरोड्याच्या एका खासगी कंपनीच्या वीजप्रकल्पासाठी ताडोबाजवळच्या लोहाऱ्याचे कोळसापट्टे देण्यात आले होते. चंद्रपुरात मोठे आंदोलन झाले. इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे २००९ मध्ये उपोषणाला बसले. अखेर पर्यावरण मंत्रालयाने त्या खाणीची वाट बंद केली. तिरोड्याचे केंद्र म्हणून थांबले का? पाच संचांचे ते ३३०० मेगावॉटचे केंद्र दुसऱ्या कोळशावर उभे राहिले आणि चालले. बदली कोळसा महाग पडला, त्या खर्चाचे वाद नियामक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, हे मी लपवणार नाही. उलट तेच अधोरेखित करतो. तो भुर्दंड विरोधामुळे पडला नाही. वाघांच्या जंगलाला खेटून असलेला पट्टा कोणालाही न विचारता आधी देऊन टाकला, त्यामुळे तो पडला. वाटपाच्या आधी विचारले असते, तर कंपनीने त्या कोळशावर भिस्त ठेवलीच नसती.

दुसरा आक्षेप रोजगाराचा आहे आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो कोरडवाहू वावरातून येतो. कापूस-सोयाबीनच्या भावाने पिचलेल्या घरातल्या मुलाने खाणीतली पक्की नोकरी मागितली, तर त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण त्याला पूर्ण आकडा सांगितला पाहिजे. कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांना एक नोकरी, असे सूत्र आहे. ज्यांच्याकडे दोन एकरही नाहीत, त्यांनी सातबारे एकत्र करून एकाचे नाव पुढे करायचे. सातबाराच नसलेल्या शेतमजुराचे काय? निंदणाला जाणाऱ्या बाईचे काय? मोहफूल आणि तेंदूपत्त्यावर उन्हाळा काढणाऱ्या कुटुंबाचे काय? शिवाय लिलावात पट्टा घेणाऱ्या खासगी कंपनीवर कोल इंडियाचे धोरण बंधनकारक नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खाण पूर्वीसारखी माणसांवर चालत नाही. या शतकाच्या सुरुवातीला कोल इंडियात पाच लाखांहून अधिक कामगार होते. २०२४ मध्ये ते सव्वादोन लाखांच्या आसपास उरले आणि तेवढ्याच काळात उत्पादन अडीच पटींहून अधिक वाढले. ओपनकास्ट खाणीत काम करतात ती अजस्र यंत्रे आणि डम्पर. गावाच्या वाट्याला येते ती बहुधा कंत्राटदाराकडची, उद्याची हमी नसलेली मजुरी.

तिसरा आक्षेप म्हणजे एक आश्वासन: मोबदला मिळेल, पुनर्वसन होईल, कोळसा संपल्यावर जमीन पूर्ववत केली जाईल. याचा पडताळा घ्यायला दूर जावे लागत नाही. भद्रावतीजवळच्या बरांजचा कोळसा कर्नाटकातल्या वीजकेंद्रासाठी निघत होता. २०१५ मध्ये ती खाण बंद पडली, काही वर्षांनी पुन्हा सुरू झाली, आणि या सगळ्यात गावकरी मात्र पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे झगडत राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसला भरवस्तीतले एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. पायाखाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी वेगळ्या खात्यात पैसा, ही अट कोळसा मंत्रालयाने २००९ पासून घातली आहे. अट चांगलीच आहे, पण खाणीतून उपसलेल्या माती-दगडाचे डोंगर आजही उघडे आहेत आणि पावसाळ्यात त्यांचा गाळ नाल्यांतून वाहतो. खाणीला आयुष्य असते, हे वरोऱ्याला शंभर वर्षांपासून माहीत आहे. इंग्रजांच्या काळातली तिथली खाण १९०६ मध्ये बंद झाली. खाण गेली तरी गाव राहतेच, आणि खाणीने मागे ठेवलेले सगळे त्या गावालाच निस्तरावे लागते.

चौथा आक्षेप अधिक टोकदार आहे: “तुम्हाला वाघाची काळजी, माणसाची नाही.” ज्या गावात वाघाने माणूस मारला आहे, तिथे हे वाक्य काळजाला भिडते, आणि ते हसण्यावारी नेणारा विरोधक स्वतःचीच बाजू कमकुवत करतो. पण विचार करा. ताडोबाच्या जंगलाला वाढत्या वाघांसाठी बाहेर पडायची वाट लागते. ती वाट खाणीच्या खड्ड्याने, ब्लास्टिंगने आणि डम्परच्या रस्त्याने तोडली, तर वाघ नाहीसा होणार नाही. तो बाजूच्या धुऱ्यावर, तुरीच्या वावरात, गावाच्या बोडीवर येईल. जंगलाचा सलग पट्टा राखणे हा शेतकऱ्याच्या सुरक्षिततेचाच भाग आहे. वाघाविरुद्ध माणूस, अशी लढत लावून देणाऱ्याला दोघांपैकी कोणाचेच भले साधायचे नसते.

शेवटचा आक्षेप सर्वांत सभ्य दिसणारा आहे: “कायद्यात जनसुनावणी आहेच. तिथे म्हणणे मांडा, रस्त्यावर कशाला येता?” या सुनावणीचे स्वरूप नीट पाहू. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यमापन अधिसूचनेनुसार किमान तीस दिवसांची सूचना देऊन, जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा त्यांच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली सुनावणी होते. तिचे चित्रण होते, इतिवृत्त लिहिले जाते. मात्र तिला कोरमची अट नाही. मंडपात दोन माणसे असली तरी सुनावणी झाली. आणि हजार माणसांनी हात वर करून “नको” म्हटले, तरी ती हरकत म्हणून नोंदवली जाते, निर्णय म्हणून नाही. चालू कोळसा खाणींच्या विस्ताराला तर २०१७ आणि २०२२ च्या सरकारी पत्रांनी ठरावीक मर्यादेपर्यंत या सुनावणीतूनही सूट दिली. दुसरीकडे सरकारी कोळसा कंपनीसाठी जमीन घेताना लागू होतो १९५७ चा कोळसाक्षेत्र संपादन कायदा. त्यात हरकतीला तीस दिवस आहेत, पण गावाच्या संमतीची अट नाही. ज्या सुनावणीत “नाही” या उत्तराला वजनच नाही, तिथे लोक बोलून परततात आणि मग रस्त्यावर येतात. रस्ता अडवणाऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी त्यांच्यासाठी कोणती दारे उघडी ठेवली होती, ते तपासावे.

बाहेरचे लोक येऊन भडकावतात, असेही याच दमात म्हटले जाते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज राजवटीविरुद्ध चिमूर पेटले, तेव्हाच्या राज्यकर्त्यांनाही जनता आपल्या बुद्धीने उठते हे पटत नव्हते. आपल्या विहिरीचे पाणी किती हातांवर आहे, हे माहीत असायला माणसाला बाहेरून कोणी शिकवावे लागत नाही.

एवढे खंडन झाले. आता मला काय हवे आहे, तेही सांगितले पाहिजे, कारण नुसत्या नकारावर गाव चालत नाही. माझे म्हणणे एका ओळीत आहे: लिलावाच्या यादीत नाव घालण्याआधी गावाला विचारा आणि गावाचे “नाही” हे उत्तर म्हणून माना.

हे अशक्य नाही, आपल्याच देशात झाले आहे. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण येणार होती. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितले. बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला आणि २०१४ च्या सुरुवातीला केंद्राने मंजुरी नाकारली. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाने वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवून जंगल स्वतः सांभाळून दाखवले. ऑस्ट्रेलियातल्या ग्लॉस्टर या छोट्या ग्रामीण गावाजवळ प्रस्तावित कोळसा खाण तिथल्या न्यायालयाने ८ फेब्रुवारी २०१९ रोजी नाकारली. स्थानिकांची संघटना त्या खटल्यात पक्षकार होती. न्यायाधीशांनी हवामानाबरोबरच गावाचे समाजजीवन आणि खोऱ्याचे रूप यांनाही तराजूत घेतले. खाण चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी येते आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे जागा चुकीची असू शकते, हे न्यायालयाला पटते. कोळसा जिथे आहे तिथेच निघणार, पण जिथे जिथे आहे तिथे तिथे काढलाच पाहिजे, असे त्यातून सिद्ध होत नाही.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, एखादा पट्टा लिलावात जाण्याआधी त्याचा नकाशा, बाधित गावे, विहिरी, बोड्या, वनहक्काचे दावे आणि वन्यजीवांचे मार्ग यांची माहिती मराठीत ग्रामसभेपुढे ठेवावी. दुसरी, ग्रामसभेची संमती कायद्यात यावी. वनजमीन वळवण्याआधी वनहक्कांची पूर्तता आणि ग्रामसभेची संमती हवी, असे २००९ च्या परिपत्रकाने बजावले होते. २०२२ च्या नियमांनी ही पूर्तता केंद्राच्या मंजुरीनंतरच्या टप्प्यावर ढकलली. ती पुन्हा आधी आणावी. तिसरी, ज्या तालुक्यात जुन्या खाणीचे पुनर्वसन आणि बंद झालेल्या खड्ड्यांचे काम अपुरे आहे, तिथे ते पूर्ण होईपर्यंत नवी खाण देऊ नये. जुनी उधारी न फेडणाऱ्याला गावातला वाणीही नवा माल देत नाही.

मग सगळीच गावे नाही म्हणतील, अशी भीती घालू नका. याच जिल्ह्यात खाणीने अर्धी जमीन घेतल्यावर उरलेलीही घ्या म्हणून शेतकऱ्यांनी आंदोलने केली आहेत. लोक आपला हिशेब करतात आणि परवडेल तिथे होकारही देतात. आजवर तो हिशेब त्यांच्या माघारी, निम्माच मांडला गेला. विरोधाने त्यातल्या राहून गेलेल्या रकमा भरल्या: विहीर, वाट, जंगल, छातीतली धूळ, नातवंडांची जमीन. वर्धा खोऱ्यातला कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून अधिक काळ जमिनीखाली पडून आहे. एका ग्रामसभेची तारीख लागेपर्यंत तो नक्की थांबेल. त्या सभेत बंदरचा माणूस काय म्हणतो, ते ऐकून घ्यायला सरकारनेही थांबावे.